चाकूंचं रुखवत

चाकूचा शौक करायला सावनेरइतकं गैरसोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. हा संत्र्याचा मुलूख, आणि संत्रं हे फार समजूतदार फळ. आंबा कापावा लागतो, टरबूज फोडावं लागतं, फणसाशी तर हाताला तेल लावून कुस्ती खेळावी लागते. संत्र्याच्या देठाशी नुसता अंगठा रोवायचा. साल सुटून हातात येते आणि आत फोडीसुद्धा आधीच पाडून ठेवलेल्या. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा चाकूला कोणी विचारलंही नाही.

खरं म्हणजे विचारायला हवं होतं. संत्र्याच्या शेवटाला चाकू लागत नसला तरी सुरुवातीला लागतो. जंबेरीच्या रोपावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सालीला इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर द्यायची, साल हलक्या हातानं उचलायची, चांगल्या झाडाचा डोळा आत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. हे सगळं करणारा चाकू तळहातात मावेल एवढाच असतो. एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला साल उचलण्यापुरती बोथट जीभ. सावनेर, काटोल, वरूड या पट्ट्यातल्या कलमी बागा अशा चिरांमधूनच उगवल्या. पण बागेत पाहुणा आला की त्याला फळ दाखवतात, झाड दाखवतात, नवं ठिबक दाखवतात. चाकू कोणी दाखवत नाही.

ही उणीव भरून काढायचं आमच्या गल्लीतल्या भाऊंनी मनावर घेतलं आहे.

भाऊ कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले. निवृत्त झालेला सावनेरचा माणूस एक तर शेतात संत्री लावतो, नाही तर दर शनिवारी जामसावळीच्या मारुतीला जातो, आणि यातलं काहीच जमलं नाही तर राजकारणावर बोलतो. भाऊंनी तिन्ही करून पाहिलं. संत्र्यांना पाणी पुरेना, मारुतीला गर्दी मावेना आणि राजकारणात त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजाचे लोक निघाले. तेव्हा त्यांनी खिशातले चाकू जमवायला घेतले. गावाला तशी परंपराही आहे म्हणा. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरातच गेले, आणि ‘बाळकराम’ या नावानं त्यांनी लिहिलेल्या विनोदी लेखांच्या पुस्तकाचं नाव ‘रिकामपणाची कामगिरी’. गडकऱ्यांचा मुक्काम इथे थोड्याच दिवसांचा ठरला. त्या नावाचा वारसा मात्र भाऊंनी कायमचा चालवायला घेतला.

संग्रहाचा नियम एकच. खिशात मावेल तोच चाकू. त्यात जत्रेतला माशाच्या आकाराचा पितळी चाकू आहे, ज्याची शेपटी ओढली की पोटातून पातं निघतं. बियाण्यांच्या कंपनीनं किल्ल्यांच्या कडीसकट भेट दिलेला एक आहे; त्याच्या पात्यापेक्षा त्याच्यावरची जाहिरात जास्त धारदार. वडिलांचा शिंगाच्या मुठीचा आहे, जो आयुष्यभर संत्र्याच्या पेट्यांची सुतळी कापत राहिला आणि झिजून निम्मा उरला. कलमाचा आहे. रामपुरी म्हणून घेतलेला एक खटक्याचा आहे, त्याचा खटका दहातून एकदा लागतो आणि तोही आपण तोंड दुसरीकडे वळवल्यावर. नेलकटरला जोडलेली दोन पाती आहेत. त्यांना चाकू म्हणायचं की नाही यावर अजून निर्णय झालेला नाही. आणि मानाच्या जागी पुतण्यानं आणलेला स्विस चाकू. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिरानं १८८४ साली इबाख गावात कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले, हे भाऊ कुठल्याही पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. सैनिकाला डबा उघडता यावा आणि रायफलीचे स्क्रू खोलता यावेत म्हणून ती अवजारं एका मुठीत बसवली होती. भाऊंच्या घरी त्यातली दात कोरायची काडी तेवढी नियमित वापरात आहे.

हा सगळा ऐवज दिवाणाखाली बुटांच्या खोक्यात होता, आणि दुखणं तिथेच होतं. वस्तू खोक्यात असेतोवर घरचे तिला भंगार म्हणतात. तीच भिंतीवर गेली की संग्रह होतो. परदेशात यासाठी अक्रोडाच्या लाकडाच्या पेट्या मिळतात, आत मखमल, वर काच, कोपऱ्यांना पितळ. भाऊंनी किंमत पाहिली. सगळे चाकू विकले असते तर पेटी आली असती, पण मग पेटीत ठेवायचं काय हा प्रश्न उरला असता. तेव्हा घरच्या घरी काय जमतं ते पाहायचं ठरलं, आणि वहिनींनी तीन अटी घातल्या. नवा पैसा लावायचा नाही. भिंतीत नवा खिळा ठोकायचा नाही. आणि पाहुण्यांसमोर मांडायचं नाही. तिसऱ्या अटीनं प्रदर्शनाचं मूळच उपटलं जात होतं, म्हणून भाऊंनी ती ऐकू आली नाही असं ठरवलं.

पहिला उपाय सर्वांत स्वस्त. बैठकीतला टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर ओळीनं चाकू. लहानापासून मोठ्यापर्यंत, पाती उघडी, टोकं एका दिशेला. मांडणी देखणी होती यात वाद नाही. पण अशी मांडणी मराठी माणसानं आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलेली असते: वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. टेबल, पांढरं कापड, ओळीत शस्त्रं, मागे उभे अधिकारी आणि मध्ये तोंडाला काळं फडकं बांधलेले दोघे-तिघे. भाऊंनी हौसेनं टेबलामागे उभं राहून फोटो काढून घेतला आणि मुलानं तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पहिला निरोप अमरावतीच्या साळ्याचा आला: “जावईबापू, जामीन झाला का?” दुसऱ्या कोणीतरी विचारलं, की मुद्देमालाच्या मागे पोलीस उभे असतात, इथे आरोपीच कसा काय उभा. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “काहो, हे काय मांडून राहिले? घर आहे का ठाणं?” चादर धुवायला गेली.

तेव्हापासून भाऊंनी घरात एक मोजपट्टी आणली आणि कायदाही पाठ केला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. भाऊंचा एकही चाकू पाच इंचांच्या वर नाही. त्या घरात ९ इंचांच्या पुढचं एकच पातं आहे, ते वहिनींच्या पावशीचं. आणि ते घरकामात मोडत असल्यामुळे कायदा त्याला हात लावू शकत नाही. भाऊही लावत नाहीत.

दुसरा उपाय डब्यांचा. दिवाळीत आलेला सुक्यामेव्याचा डबा, ज्यात काजू, बदाम, मनुका यांचे वेगळे कप्पे असतात, तो चाकूंसाठीच बनवला असावा इतका बरोबर बसतो. काजूच्या कप्प्यात मासा, बदामाच्या कप्प्यात स्विस, मनुकांत नेलकटरं. झाकणाला पारदर्शक खिडकी असल्यानं काचेचा खर्चही वाचतो. मुलांच्या जुन्या कंपासपेट्याही कामाच्या. कर्कटकाच्या खोबणीत कलमाचा चाकू अगदी ठरून दिल्यासारखा बसतो. वहिनींचा जुना बांगड्यांचा स्टँडही त्यांनी मागून पाहिला. आडव्या दांड्यांवर चाकू कडीनं लटकवायचे, अशी कल्पना होती. वहिनी म्हणाल्या, “घ्या ना. बांगड्याही घाला मग.” तो विषय तिथेच संपला.

डब्याचा घोटाळा असा, की आपल्याकडे मिठाईचा डबा दिसला की पाहुणा तो उघडतो. त्यात संकोच नसतो, तो रिवाज आहे. दूरच्या एका काकाजींनी बोलता बोलता झाकण काढलं, न पाहता हात घातला आणि बदाम समजून स्विस चाकू उचलला. तोंडापर्यंत नेल्यावर त्यांना वजनाचा संशय आला. तेव्हापासून ते भाऊंकडे आले की चहासुद्धा आधी निरखून घेतात.

यानंतर वहिनींनी लक्ष घातलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कामात अक्कल दिसली. “रुखवत कसं मांडतात पाहिलं का कधी?” त्यांनी विचारलं. भाऊंनी स्वतःच्या लग्नात पाहिलं होतं, पण त्या वेळी त्यांचं लक्ष जेवणाकडे होतं. वहिनींचं म्हणणं असं, की रुखवतात एकही गोष्ट महागाची नसते आणि तरी सगळं मांडल्यावर वरपक्ष वाकून पाहतो. शेवयांचे डोंगर, काडेपेट्यांचं घर, टिकल्यांचा मोर. त्याचं मर्म उंचसखल मांडणीत आहे. मागे उंच, पुढे बुटकं. रंगीत कागदाखाली पुठ्ठ्याची खोकी दडवायची. आणि प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी. चिठ्ठी लागली की पुठ्ठ्यालाही मान येतो. चाकूंचंही रुखवत मांडावं.

म्हणून तिसरा उपाय फळीवरच्या पायऱ्यांचा. बुटांची खोकी उलटी करून तीन पायऱ्या, त्यांवर ब्लाउजच्या उरलेल्या मखमलीचा तुकडा, पुठ्ठ्याला अर्धवट कापून काढलेल्या खाचा आणि खाचांत तिरपे उभे चाकू. खर्च शून्य. यातल्या दोन गोष्टी कोणीही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, खाच पात्यासाठी नको, मुठीसाठी करावी. पात्यासाठी केली तर पातं ती रोज थोडी मोठी करत जातं आणि एके रात्री पायरीवरून खाली येतं. दुसरी, मखमल दिसायला राजेशाही असली तरी ओल धरून ठेवते, म्हणून चाकू थेट तिच्यावर झोपवायचे नाहीत. ही दुसरी गोष्ट कळायला उन्हाळा यावा लागला.

उन्हाळ्यात लोखंड गंजतं हे पुण्या-मुंबईच्या माणसाला पटणार नाही. पण आमच्याकडे पाऊस वर्षातून दोनदा येतो. एकदा आकाशातून आणि एकदा कूलरमधून. पारा ४५ च्या पुढे गेला की गवताच्या ताट्यांवरून पाणी सोडलेली गार, ओली हवा रात्रभर बैठकीत भिरभिरते. माणसाला झोप लागते, लोखंडाला डाग लागतात. वडिलांच्या जुन्या चाकूवर तपकिरी ठिपके दिसले तेव्हा भाऊंनी वहिनींची खोबरेल तेलाची बाटली उचलली. खोबरेल थंडीत थिजतं, जुनं झालं की चिकट होतं आणि त्या चिकट्यावर धूळ बसते. त्यापेक्षा शिलाई मशीनचं तेल बरं. थेंबभर कापडावर घ्यायचं, पात्यावरून आणि खटक्याच्या सांध्यात फिरवायचं, पुसून टाकायचं. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवायचा नाही. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि धरून ठेवलेली ओल मिळून पात्याला डाग आणि पितळेला हिरवट कळा आणतात. आणि बुटांच्या खोक्यातून निघणारी ती ‘खाऊ नका’ लिहिलेली पांढरी पुडी फेकायची नाही. चाकूंच्या डब्यात टाकायची. भाऊंनी पुड्यांसाठी गल्लीभर फिरून चौकशी केली. लोकांना वाटलं, बुटांचा नवा धंदा काढला.

चौथा उपाय चौकटीचा. जुनी फोटोफ्रेम, आत थर्माकोल, थर्माकोलवर कापड आणि कापडावर चाकू चिकटवायचे. थर्माकोल गणपतीच्या जुन्या मखराचा होता. २०१८ च्या बंदीनंतर तो माळ्यावर अज्ञातवासात पडून होता. चिकटवायला मुलाची गरम गोंदाची बंदूक. चौकट हिवाळ्यात तयार झाली आणि भिंतीवर जुनाच खिळा पाहून टांगली. फार शोभली. मग मे महिना आला. टिनाच्या छपराखालची पश्चिमेची भिंत दुपारी हात लावू देत नाही. वितळवून लावलेला गोंद अशा ठिकाणी पुन्हा मऊ पडतो. एका दुपारी सगळे झोपले असताना काचेमागे एकेक चाकू सुटून तळाशी जमा झाला. वर रिकामं कापड, खाली चाकूंचा ढीग. चौकटीत वस्तू बांधायची ती बारीक तारेनं, मागून पीळ देऊन, हा धडा त्यातून मिळाला. पण घोळ त्याहून मोठा झाला होता. ज्या खिळ्यावर चौकट टांगली तो आजोबांच्या फोटोचा होता. फोटो रंगवायला दिला होता. वहिनींच्या सासूबाईंना नीट दिसत नाही. त्या रोज सकाळी अंघोळ करून त्या चौकटीला हार घालत होत्या आणि डोळे मिटून हात जोडत होत्या. त्यांना कोणी सांगितलं नाही. भाऊंच्या मते संग्रहाला मिळालेली ती पहिली दाद होती.

पाचवा उपाय चुंबकाचा, आणि तो खरोखर भारी आहे. लाकडी पट्टीला मागून खोबण करून त्यात चुंबकं बसवायची, म्हणजे समोरून चाकू हवेत चिकटल्यासारखे दिसतात. भाऊंनी चुंबकं डीजेच्या फुटक्या स्पीकरमधून काढली. वरातीसमोर अख्खी गल्ली हादरवणारा तो स्पीकर. त्याचं चुंबक चाकू धरतं म्हणजे सोडायचं नाव घेत नाही. पात्याच्या पाठीकडून तिरकं करत सोडवावं लागतं, सरळ ओढलं की बोटं धारेवर येतात. पितळी मासा मात्र त्याला दाद देईना. पितळेला चुंबक ओळखतच नाही. स्विस चाकू मिटलेला असताना लाल प्लॅस्टिकच्या मुठीमुळे निसटायचा, पातं उघडलं की चिकटायचा. पट्टी फ्रिजशेजारी लागली. दोनच दिवसांत ती रिकामी झाली.

चोरी झाली नव्हती. झालं इतकंच, की पट्टी स्वयंपाकघराच्या वाटेवर होती आणि चाकू हाताला येत होते. वहिनींनी सांभार चिरायला एक घेतला. मुलीनं पार्सलची टेप कापायला एक नेला. गॅसवाल्यानं सीलची पट्टी तोडायला एक मागितला आणि खिशात घालून तो पुढच्या गल्लीत गेला. शेजारच्या वहिनींनी लिंबं कापली, आणि लिंबाच्या आंबटानं जुन्या पोलादावर निळसर काळी छटा आली. भाऊ व्याकुळ होऊन म्हणाले, “बाप्पा, हे पाहायचे चाकू आहेत, कापायचे नाहीत!” त्यावर वहिनींनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नव्हतं: “मंग धार कायले लावली?”

लग्नसराईत तर कहर झाला. आमच्याकडे हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात कट्यार लागते, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं. पूर्वी गावात एखाद्या घरी कट्यार असायची आणि ती साऱ्या लग्नांतून फिरायची. आता ऐन वेळी कट्यार सापडत नाही. मग कोणाला तरी भाऊंची आठवण होते. वरच्या आळीतला नवरदेव रामपुरी घेऊन गेला. त्याला खटक्याची कल्पना दिली होती. दहा वेळा दाबून न उघडलेला तो चाकू मंगलाष्टकांच्या ऐन मध्यावर आपणहून उघडला आणि लिंबू उडून भटजींच्या पोथीवर पडलं. नवरीकडच्यांनी तो शुभशकुन धरला. चाकू परत आला तेव्हा त्याच्यासोबत पावशेर बुंदी होती. संग्रहातून झालेली ती एवढीच कमाई.

या सगळ्याचा विचार करताना मला एक गोष्ट उमगली, आणि ती मी भाऊंना सांगितलीही. वस्तू भिंतीवर लागते ती तिचं काम संपल्यावर. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. घरचा धंदा चष्म्यांचा. लोकांना चष्मा लावूनही जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसलं. आज त्यांच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्तेच अडकित्ते आहेत: मोराचे, घोड्याचे, जोडप्यांचे. आजीच्या चंचीत अडकित्ता रोज कटकट करत होता तोवर त्याला काचेत ठेवावं असं कोणाला वाटलं नाही. पानदान उठलं आणि अडकित्ता संग्रहालयात गेला. आपली छोटी लाईन घ्या. सावनेरवरून छिंदवाड्याला जाणारी अरुंद रुळांची गाडी चालू होती, तेव्हा लोक तिच्या उशिराबद्दल बोलायचे. २०१५ साली ती बंद झाली, आणि आता नागपूरच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात तसलीच इंजिनं रंग लावून उभी आहेत. लोक तिकीट काढून त्यांच्यासमोर फोटो काढतात. रामपूरचंही तेच. तिथल्या चाकूला हिंदी सिनेमानं डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा चौकात चाकू उभा करायची कोणाला गरज वाटली नाही. मग लांब पात्यांवर बंदी आली, गिऱ्हाईक आटलं, कारागीर कमी झाले. आणि मार्च २०२३ मध्ये गावानं चौकात ६.१० मीटरचा, म्हणजे वीस फुटी चाकू उभारला. माणसाचंही वेगळं नाही. आजोबा हिंडतेफिरते होते तेव्हा त्यांना बैठकीतली खुर्चीसुद्धा मिळत नव्हती. आता अख्खी भिंत त्यांची आहे.

भाऊ ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझे चाकू भिंतीवर टिकून नाही राहिले, कारण ते अजून ड्युटीवर आहेत?”

“हो ना.”

“आणि काचेत घातले म्हणजे त्यांना रिटायर केल्यासारखंच झालं?”

हा प्रश्न त्यांनी चाकूंबद्दलच विचारला असेल असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंचा सहावा उपाय सुरू झाला, आणि तो आजतागायत टिकून आहे. खाणीच्या वर्कशॉपमध्ये एक फळी असायची. पांढऱ्या फळीवर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा काळ्या रंगात काढलेली. पाना जागेवर नसेल तर पान्याच्या आकाराची रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरायची. आणि खाणीत उतरताना बिल्ला जमा करायचा. बिल्ला फळीवर लटकतोय तोवर त्याचा धनी खाली आहे असं समजायचं. भाऊंनी दोन्ही एकत्र केलं. मोडक्या पलंगाची प्लाय, उरलेला पांढरा डिस्टेंपर, संत्र्याच्या जुन्या पेटीतून उपसलेले खिळे. खिळे भिंतीत नाहीत, फळीत आहेत, म्हणून वहिनींची अट शाबूत. प्रत्येक चाकू फळीवर आडवा ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली, रेषा काळ्या केल्या, खाली त्याचं नाव आणि कुठून आला ते. रुखवतातली चिठ्ठी इथे उपयोगी पडली. आणि प्रत्येक खिळ्याशेजारी बाटलीच्या झाकणाचा एकेक बिल्ला, त्यावर गल्लीतल्या एकेका घराचं नाव. चाकू न्यायचा तर आपला बिल्ला त्या खिळ्याला अडकवायचा.

ज्याला घरी असं काही करायचं असेल त्यानं एवढं पाहावं: फळी फिकी आणि रेषा गडद असावी, चाकू मिटलेलाच टांगावा, म्हणजे मुलांची भीती नाही आणि रेषाही लहान येते, खालची ओळ मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीच्या वर ठेवावी, आणि फळी कूलरच्या झोतात आणू नये. पैसे लागत नाहीत. लागतो तो शेजार.

परवा नागपूरहून भाऊंच्या पुतण्याचे कोणी साहेब आले. त्यांनाही जुन्या चाकूंचा नाद. संग्रहाची कीर्ती ऐकून मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. भाऊंनी त्यांना फळीसमोर नेलं. फळीवर पांढऱ्यावर काळ्या रेखीव आकृत्या होत्या, मासा, कलमाचा, रामपुरी, स्विस, सगळ्यांच्या नावानिशी. आणि बहुतेक आकृत्यांच्या जागी झाकणाचे बिल्ले. जागेवर होतं ते एक नेलकटर.

साहेबांनी चष्मा पुसला, फळी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि शेवटी नम्रपणे विचारलं, “भाऊ, पण चाकू कुठे आहेत?”

“पहिल्या पाळीला गेले,” भाऊ म्हणाले. “चारनंतर या.”